‘कापूस’ आणि ‘कॉटन’ : दोन शब्दकुळांचा प्रवास आणि अर्थभेद

प्रस्तावना :

जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे कापसाचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतले जात आहे. साहजिकच खानदेशातील महाविद्यालयांत अर्थशास्त्र, वाणिज्य, भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि इतिहास शिकविणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला केव्हा ना केव्हा कापसाविषयी बोलावे लागते. असे बोलताना इंग्रजी ग्रंथांतील ‘कॉटन’ या शब्दाच्या जागी आपण मराठीत सहजपणे ‘कापूस’ हा शब्द ठेवतो आणि हे दोन शब्द एकमेकांचे तंतोतंत पर्याय आहेत असे गृहीत धरतो.

प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासून पाहावयाचे आहे. ‘कॉटन’ हा शब्द थोड्याफार उच्चारभेदाने युरोपातील अनेक भाषांत आढळतो. तो त्या भाषांत कोठून आला, ‘कर्पास’ हा भारतीय शब्द युरोपात पोहोचूनही का टिकला नाही, आणि या दोन शब्दांच्या अर्थकक्षा कोठे वेगळ्या होतात, या तीन प्रश्नांचा येथे विचार केला आहे. तिसरा प्रश्न केवळ भाषाशास्त्रीय नाही. कापसाचा भाव, उत्पादनाचे आकडे आणि शेतकऱ्याला मिळणारा मोबदला यांविषयीची आपली समज त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

१) नात्याचे शब्द आणि उसने शब्द :

दोन भाषांत सारखा शब्द आढळला की त्याची दोन कारणे संभवतात. पहिले कारण म्हणजे त्या भाषांचे मूळ एक असणे आणि दुसरे म्हणजे एका भाषेने दुसरीकडून तो शब्द घेतलेला असणे. संस्कृत ‘पितृ’, लॅटिन ‘पाटेर’ आणि इंग्रजी ‘फादर’ हे शब्द पहिल्या प्रकारचे होत. इंडो-युरोपीय भाषाकुलातील मूळ ‘प’ या ध्वनीचा जर्मानिक शाखेत नियमाने ‘फ’ झाला. त्याच नियमावलीनुसार मूळ ‘क’चा जर्मानिक शाखेत ‘ह’ झाला. म्हणूनच लॅटिनमधील ‘कोर्नू’ म्हणजे शिंग या शब्दाचा इंग्रजी सगोत्र शब्द ‘हॉर्न’ असा आहे.

आता इंग्रजी ‘कॉटन’, फ्रेंच ‘कोतों’, इटालियन ‘कोतोने’ आणि डच ‘काटून’ हे शब्द शेजारी ठेवून पाहावेत. यांतील इंग्रजी व डच या भाषा जर्मानिक शाखेच्या असून फ्रेंच व इटालियन या लॅटिनपासून निघालेल्या आहेत. हा शब्द मुळापासून सर्वांचा असता, तर इंग्रजी व डचमध्ये त्याच्या आरंभी ‘ह’ आला असता. सर्वत्र ‘क’ कायम आहे, याचा अर्थ ध्वनिपरिवर्तनाचा काळ उलटून गेल्यावर हा शब्द बाहेरून आला. युरोपीय भाषांत तो सामायिक आहे तो रक्ताच्या नात्याने नव्हे, तर बाजारपेठेच्या नात्याने होय.

२) ‘कुत्न’ : अरबी शब्दाची युरोपयात्रा :

हा बाहेरचा शब्द म्हणजे अरबी भाषेतील ‘कुत्न’. अरब राजवटीच्या काळात स्पेन आणि सिसिली येथे कापसाची लागवड सुरू झाली आणि पिकाबरोबर त्याचे नावही रुजले. स्पॅनिश भाषेतील ‘आल्गोदोन’ आणि पोर्तुगीज भाषेतील ‘आल्गोदांव’ हे शब्द वरवर वेगळे दिसतात. परंतु त्यांच्या आरंभीचे ‘आल्’ हे अरबी भाषेतील ‘अल्’ हे निश्चयवाचक उपपद आहे. स्पेन-पोर्तुगालच्या लोकांनी हा शब्द अरबी बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या तोंडून उपपदासह ऐकला आणि तसाच उचलला. इटलीच्या व्यापारी शहरांतून आणि पुढे फ्रान्समधून जो शब्द उत्तरेकडे गेला, त्याला मात्र हे उपपद चिकटले नाही. एकाच शब्दाची ही दोन रूपे तो कोणत्या वाटेने गेला हे दाखवितात.

जर्मन भाषेतील स्थिती आणखी उद्‌बोधक आहे. तेथे डच भाषेच्या मार्गाने आलेला ‘काट्टून’ हा शब्द मुख्यत्वे सुती, विशेषतः छापील कापडासाठी वापरला गेला. पीक आणि तंतू यांसाठी मात्र ‘बाउमवोले’ म्हणजे ‘झाडाची लोकर’ हा शब्द रूढ राहिला. स्वीडिश ‘बोमुल’ आणि पोलिश ‘बावेउना’ हे त्याच शब्दाचे आप्त आहेत. फिनिश ही भाषा इंडो-युरोपीय कुळातील नाही. तरीही तेथे ‘पूविल्ला’ हा शब्द झाड आणि लोकर या अर्थांच्या दोन शब्दांचा समास करूनच तयार झाला आहे. यास भाषाशास्त्रात अनुवादित आदान म्हणतात. शब्द उसना न घेता त्यामागील कल्पना उसनी घेतली जाते.

ही कल्पना प्राचीन आहे. इ.स.पू. पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने भारतात रानझाडांना लोकर येते आणि तेथील लोक तिची वस्त्रे करतात असे नोंदविले आहे. ज्यांनी लोकर फक्त मेंढीच्या अंगावर पाहिली, त्यांना बोंडातून फुटलेला कापूस झाडावरच्या लोकरीसारखा वाटावा हे स्वाभाविकच होते. पुढे चौदाव्या शतकात जॉन मँडेव्हिल याच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या प्रवासवर्णनात तर फळातून कोकरू निघणाऱ्या झाडाची कथा आली. अशा कथांचा संबंध अनेक अभ्यासकांनी कापसाशी जोडला आहे.

याशिवाय तिसरे एक कुळ आहे. फारसी ‘पंबे’ या शब्दाशी नाते सांगणारे तुर्की ‘पामुक’, आधुनिक ग्रीक ‘वाम्वाकी’, रोमानियन ‘बुम्बाक’ आणि हंगेरियन ‘पामुत’ हे शब्द पूर्व युरोपात आढळतात. युरोपच्या नकाशावर ही नावे मांडली असता स्थूलमानाने पश्चिमेला अरबी, आग्नेयेला फारसी-तुर्की आणि उत्तरेला ‘झाडाची लोकर’ असे तीन पट्टे दिसतात.

३) ‘कर्पास’ : गेला, पण टिकला नाही :

या तिन्ही पट्ट्यांत भारतीय शब्द नाही, ही बाब विचार करण्याजोगी आहे. कापसाचा भारतीय उपखंडातील इतिहास फार जुना आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे नवाश्मयुगीन तांब्याच्या मण्यात कापसाचे तंतू सापडले असून मोहेंजोदडो येथेही सुती वस्त्राचे अवशेष मिळाले आहेत. ‘कर्पास’ आणि ‘कार्पास’ हे शब्द प्राचीन संस्कृत वाङ्‌मयात आढळतात. मनुस्मृतीत यज्ञोपवीताच्या संदर्भात कापसाच्या सुताचा उल्लेख आहे. तथापि हा शब्द संस्कृतने अन्य भाषेकडून घेतला असावा असे मत ज्यां प्शिलुस्की या फ्रेंच अभ्यासकाने मांडले. त्याचे मूळ ऑस्ट्रो-आशियाई भाषांत असावे हे त्याचे प्रतिपादन प्रबोधचंद्र बागची यांनी १९२९ मध्ये इंग्रजीत आणलेल्या ग्रंथात उपलब्ध आहे. हे मत ग्राह्य मानल्यास आपला ‘कापूस’ हाही एका अर्थी आगत शब्दच ठरतो, केवळ त्याचे आगमन अतिप्राचीन आहे.

हा शब्द पश्चिमेकडे गेला होता. हिब्रू बायबलच्या एस्तेर या ग्रंथात राजवाड्यातील पडद्यांच्या वर्णनात ‘करपस’ असा शब्द येतो. ग्रीक भाषेत ‘कार्पासोस’ आणि लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’ अशी त्याची रूपे झाली. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयनग्रंथात बरिगाझा म्हणजे भडोचच्या परिसरातील पिकांत कार्पासोसचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर म्हणजे तेर येथून भडोच बंदराकडे गाड्यांनी माल जात असल्याचे नमूद असून त्या मालात कापडही आहे. दख्खनचे कापड आणि त्याचे नाव दोन्ही भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचत होते असे म्हणता येते.

परंतु तेथे पोहोचल्यावर शब्दाचा अर्थ बदलला. लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’ म्हणजे तलम वस्त्र, पुष्कळदा जवसवर्गीय धाग्याचे, आणि कवींच्या भाषेत जहाजाचे शीड. बोंड, सरकी, पेरणी यांपैकी काहीही त्या समाजाच्या डोळ्यांसमोर नव्हते. वस्तूचा आधार सुटला की शब्दाचा अर्थ जवळच्या ओळखीच्या वस्तूवर घसरतो. मध्ययुगात कापूस युरोपात प्रत्यक्ष आला, तेव्हा हा जुना शब्द त्याच्यासाठी उपलब्ध राहिला नव्हता. ती जागा ‘कुत्न’ने घेतली.

साखरेशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. संस्कृत ‘शर्करा’ हा शब्द फारसीत ‘शकर’ आणि अरबीत ‘सुक्कर’ झाला. तेथून इंग्रजी ‘शुगर’, फ्रेंच ‘स्युक्र’, जर्मन ‘त्सुकर’ आणि स्पॅनिश ‘आसुकार’ ही रूपे आली. कापूस आणि साखर ही दोन्ही पिके अरबांच्याच मार्गाने युरोपात गेली. साखरेचे भारतीय नाव पोहोचले, कारण अरबांनी वस्तूबरोबर नावही स्वीकारले होते. कापसासाठी मात्र त्यांच्याजवळ स्वतःचे नाव होते. वस्तू कोणाची यापेक्षा ती शेवटच्या खरेदीदाराला कोणी विकली, यावर तिचे नाव ठरते, असा निष्कर्ष यावरून निघतो.

४) मराठीतील कापसाचा शब्दसंसार :

संस्कृत ‘कर्पास’मधील ‘र्प’ या जोडाक्षराचे प्राकृतात ‘प्प’ होऊन ‘कप्पास’ असे रूप झाले आणि मराठीत द्वित्व जाऊन आधीचा स्वर दीर्घ झाला. त्यातून ‘कापूस’ हा तद्भव शब्द सिद्ध झाला. ‘कर्पट’ म्हणजे वस्त्र या शब्दापासून ‘कापड’ हा शब्द याच रीतीने आला आहे. हिंदी व गुजराती या शेजारभाषांत ‘कपास’ हे रूप आहे.

मराठीचे वैशिष्ट्य मात्र व्युत्पत्तीपेक्षा अर्थविभागणीत आहे. इंग्रजी ‘कॉटन’ हा एकच शब्द झाड, पीक, सरकीसह तंतू, सरकीविरहित तंतू, शिवणाचा दोरा आणि कापड या सर्वांना लागू पडतो. मराठीत यांतील प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र शब्द आहे :

अ) कपाशी – शेतातील झाड व पीक. विदर्भ-खानदेशाच्या बोलीत ‘पऱ्हाटी’ हा शब्दही उभ्या झाडासाठी व वाळलेल्या काड्यांसाठी वापरतात.
आ) पाते, फूल, बोंड – फळधारणेच्या क्रमिक अवस्था.
इ) कापूस – बोंड फुटल्यावर वेचलेला, सरकीसह असलेला माल. किडका, नीट न फुटलेला माल तो ‘कवडी’.
ई) सरकी – बी. तिच्यापासून तेल आणि ढेप मिळते.
उ) रुई – सरकी काढून टाकल्यावर उरलेला तंतू. मारुतीला ज्याची पाने वाहतात ती रुई ही वनस्पती वेगळी.
ऊ) पेळू – पिंजलेल्या रुईची कातण्यासाठी केलेली वळी.
ए) सूत आणि कापड – कातल्यानंतरची व विणल्यानंतरची अवस्था. ‘सूतगिरणी’ आणि ‘कापडगिरणी’ हे दोन शब्द आपण याच जाणिवेने वेगळे ठेवतो.

ही विभागणी कोणा पंडिताने केलेली नाही. पेरणाऱ्या, वेचणाऱ्या, पिंजणाऱ्या, कातणाऱ्या आणि विणणाऱ्या समाजघटकांच्या हातांतून माल जसा पुढे सरकला, तसतसे त्याचे नाव बदलत गेले. ज्या समाजाने तयार कापडापासून ओळख करून घेतली, त्याला एक शब्द पुरला. ज्याने बियाण्यापासून सुरुवात केली, त्याला अनेक शब्दांची गरज पडली.

खानदेशात ही साखळी संपूर्ण होती. फारुकी राजवटीत खानदेशची राजधानी असलेल्या बऱ्हाणपूरचे सुती कापड फार दूरच्या देशांत जात असल्याचे सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने लिहून ठेवले आहे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडला भारतीय कापसाची निकड भासली आणि त्याच दशकात लोहमार्ग तापीच्या खोऱ्यात आला. त्यानंतर गावोगावी सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. त्यांच्यासाठी रूढ झालेला ‘जिन’ हा शब्द इंग्रजी ‘इंजिन’ या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. विसाव्या शतकात अमळनेरची प्रताप मिल आणि धुळ्याची न्यू प्रताप मिल यांनी सूत व कापड या अवस्थाही येथेच आणल्या. आज त्या गिरण्या इतिहासजमा झाल्या आहेत. साखळीचे उत्तरार्धातील दुवे तुटले, की त्यांचे शब्दही वापरातून जाऊ लागतात. ‘पेळू’ हा शब्द आजच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागतो, तो त्यामुळेच.

५) परतीचा प्रवास :

शब्दांची देवाणघेवाण एकमार्गी नसते. मुंबईच्या डोंगरी या भागाच्या नावावरून ओळखले जाणारे जाडेभरडे कापड इंग्रजीत ‘डंगरी’ झाले, कालिकतवरून ‘कॅलिको’ आला. मराठीतील ‘खंडी’ हे माप इंग्रजी व्यापारात ‘कँडी’ झाले आणि रुईचा भाव आजही ३५५.६ किलोग्रॅमच्या कँडीत सांगितला जातो. विशेष म्हणजे भारतातील इंग्रजी व्यापारी लेखनात सरकीसह मालाला ‘कपास’ असेच म्हणावे लागते, कारण ‘कॉटन’ या शब्दाने तो आणि रुई यांतील भेद दाखविता येत नाही.

उलट दिशेने ‘कॉटन’ हा शब्द मराठीत आला, तो अर्थसंकोच होऊन. ‘कॉटनची साडी’ असे म्हणताना आपल्याला केवळ कापड अभिप्रेत असते. ‘सुती’ हा जुना शब्द त्यामुळे मागे पडला. येथपर्यंत काही बिघडत नाही. कोणतीही जिवंत भाषा असे आदान करतच असते. बिघडते ते भाषांतरात.

६) भाषांतरातील गफलत आणि तिचे मोल :

इंग्रजी बाजारवृत्तात ‘कॉटन’चा भाव प्रति कँडी दिलेला असतो. तो रुईचा भाव असतो. त्याचे मराठीकरण ‘कापूस खंडीला अमुक रुपये’ असे झाले की अर्थ पालटतो. एक मानलेले उदाहरण घेऊ. रुईचा भाव खंडीला ५६,००० रुपये आहे. भागाकार केल्यास किलोला सुमारे १५७.५० रुपये, म्हणजे क्विंटलला १५,७५० रुपये होतात. वाचक हा ‘कापसाचा’ भाव समजतो आणि शेतकऱ्याला त्याच्या निम्माही भाव मिळत नाही असे अनुमान काढतो.

वस्तुतः एक क्विंटल कापसापासून साधारणपणे ३४ किलो रुई आणि ६४ किलोच्या आसपास सरकी निघते. उर्वरित घट असते. ३४ किलो रुईचे ५,३५५ रुपये आणि सरकी किलोला ३३ रुपये धरल्यास तिचे २,११२ रुपये, असे मिळून ७,४६७ रुपये होतात. जिनिंग, वाहतूक व नफा यांचा वाटा यातूनच निघतो. शेतकऱ्याला मिळालेल्या भावाची तुलना करावयाची ती या रकमेशी. तशी तुलना केली असता त्याच्यावर अन्याय झाला आहे की नाही आणि झाला असल्यास नेमका किती, हे कळू शकते. चुकीच्या शब्दावर आधारलेली तक्रार सहज खोडली जाते आणि तिच्याबरोबर खरी तक्रारही बाजूला पडते.

उत्पादनाच्या आकड्यांचीही हीच गत आहे. भारतात एक गाठ १७० किलो रुईची धरतात. वरील प्रमाणानुसार तिच्यासाठी पाच क्विंटल कापूस लागतो. म्हणजे एक लाख गाठी याचा अर्थ पाच लाख क्विंटल कापूस. अमेरिकन आकडेवारीतील गाठ ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोची असते. ‘कापसाच्या इतक्या गाठी’ असे लिहिताना माल कोणता आणि गाठ कोणती हे स्पष्ट केले नाही, तर विद्यार्थ्याच्या प्रबंधातील हेक्टरी उत्पादकतेचा आकडा तिपटीने चुकू शकतो.

शासकीय व्यवहार मात्र या भेदावरच उभा आहे. केंद्र शासनाने २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर केलेले मध्यम धाग्याचे ७,७१० आणि लांब धाग्याचे ८,११० रुपये प्रति क्विंटल हे किमान आधारभूत भाव सरकीसह कापसाचे आहेत. महाराष्ट्रात १९७२ पासून राबविल्या गेलेल्या एकाधिकार खरेदी योजनेत पणन महासंघ शेतकऱ्याकडून कापूस घेत असे आणि बाजारात रुईच्या गाठी विकत असे. त्या योजनेच्या नफ्यातोट्याचा कोणताही अभ्यास ‘कापूस’ आणि ‘रुई’ हे शब्द एकत्र करून करता येणार नाही.

निष्कर्ष :

१. ‘कॉटन’ हा शब्द युरोपीय भाषांत सामायिक आहे तो अरबी ‘कुत्न’च्या आदानामुळे; त्या भाषांच्या एककुलत्वामुळे नव्हे.
२. ‘कर्पास’ हा भारतीय शब्द ग्रीक-लॅटिनपर्यंत पोहोचला. परंतु वस्तूचा परिचय नसल्याने त्याचा अर्थ ढळला आणि शब्द लोपला.
३. ‘कॉटन’ हा व्यापक अर्थाचा, तर ‘कापूस’ हा विशिष्ट अवस्थेचा निदर्शक शब्द आहे. त्यामुळे ते परस्परांचे पूर्ण पर्याय नाहीत.
४. भाषांतर करताना संदर्भ पाहून कपाशी, कापूस, रुई, सरकी, सूत वा कापड यांपैकी योग्य शब्द योजणे आवश्यक आहे.

लॅटिन भाषेत ‘कार्बासुस’चा अर्थ ढळला, कारण तेथे कपाशीचे शेत कोणी पाहिले नव्हते. खानदेशात ते शेत महाविद्यालयाच्या आवारापासून फार दूर नाही. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी हे शब्द अद्याप बोलले जातात. बाजारवृत्त, शासकीय अहवाल किंवा पाठ्यपुस्तकातील ‘कॉटन’चे मराठीकरण करताना प्राध्यापकांनी हे शब्द विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावेत. त्यामुळे आकडे अचूक होतील आणि आपल्या घरची भाषा ज्ञानाची भाषा आहे, हा विश्वासही त्या विद्यार्थ्यांना मिळेल.